'सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणताय? इंग्रजीत कालावधी सांगताना या चुका टाळा

इंटरव्ह्यूत 'पुण्यात कधीपासून राहता?' असं इंग्रजीत विचारलं की भलेभले उत्तर देतात, 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.' दहावी-बारावीला इंग्रजीत उत्तम मार्क मिळवलेलेही यातून सुटत नाहीत. काळांचे तक्ते त्यांना पाठ असतात, पण ऐन बोलताना तक्ता कुठला आठवायला! चूक का होते हे एकदा कळलं तर ती सुटते, असं माझं ठाम मत आहे.

'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय' हे आपलं वाक्य वर्तमानकाळात असतं आणि मराठीत ते अगदी बरोबर आहे. हिंदीतही तसंच. फ्रेंच आणि जर्मन भाषाही अशा ठिकाणी वर्तमानकाळच वापरतात, त्यामुळे तिकडचे लोकही इंग्रजी शिकताना इथेच अडखळतात. इंग्रजीचं तसं नाही. गोष्ट मागे सुरू झाली, अजून चालू आहे आणि ती किती काळ चालली हे सांगायचंय, तर 'हॅव' किंवा 'हॅज' लागतंच. 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.'

'सिन्स'च्या जागी 'फॉर' आलं, तेही लक्षात घ्या. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'तीन दिवसांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायला 'सिन्स' आणि किती काळ गेला ते सांगायला 'फॉर': 'सिन्स मंडे', पण 'फॉर थ्री डेज'. ऑफिसच्या मेलमध्ये सर्रास दिसणारं 'सिन्स लास्ट थ्री इयर्स' म्हणूनच चुकीचं. तिथे 'फॉर द लास्ट थ्री इयर्स' लिहा. 'आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम 2019' हेही नको. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2019' हवं. दोन्ही टोकं सांगायची असतील तेव्हा 'फ्रॉम' खुशाल वापरा: 'आय वर्क्ड देअर फ्रॉम 2015 टू 2019.'

काही क्रियापदांना मात्र 'बीन' आणि 'आयएनजी' लावायचं नाही. ओळख असणं, मालकी असणं, आवडणं या स्थिती आहेत, चालू असलेल्या कृती नाहीत. 'आय हॅव बीन नोइंग हिम' कोणी म्हणत नाही. 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स' म्हणतात. 'असणं'ही त्यातलंच, फक्त इथलं 'बीन' हे 'असणं'चंच रूप आहे आणि त्यापुढे 'आयएनजी' येत नाही: 'मुंबई हॅज बीन द कॅपिटल ऑफ महाराष्ट्र सिन्स 1960.'

खरं नुकसान होतं ते पुढच्या चुकीने, कारण तिथे वाक्य व्याकरणात बसतं आणि अर्थ बदलतो. सचिन तेंडुलकर 1989 ते 2013 भारताकडून खेळला. 'सचिन हॅज प्लेड फॉर इंडिया फॉर ट्वेंटी-फोर इयर्स' म्हटलं तर तो अजून संघात आहे असं ऐकू येतं. तो निवृत्त झालाय, म्हणून 'सचिन प्लेड फॉर इंडिया फॉर ट्वेंटी-फोर इयर्स.' 'फॉर' दिसलं की 'हॅव' लावायचं, असं क्लासमध्ये शिकवलेलं डोक्यातून काढून टाका. गोष्ट अजून चालू आहे का, एवढंच स्वतःला विचारा. सोडलेल्या नोकरीबद्दल 'आय हॅव वर्क्ड ॲट अ बँक फॉर सिक्स इयर्स' म्हणालात, तर समोरचा तुम्ही अजून बँकेतच आहात असं धरून चालेल आणि नोटीस पीरियड किती आहे ते विचारेल. तिथे साधं 'आय वर्क्ड' पुरे.

'अगो' आलं की 'हॅव' नको: 'आय जॉइन्ड टू इयर्स अगो.' 'दोन वर्षांत तो भेटलाच नाही' हे 'आय डिडन्ट मीट हिम सिन्स टू इयर्स' होत नाही, 'आय हॅवन्ट मेट हिम फॉर टू इयर्स' होतं. आणि भूतकाळातल्या एखाद्या क्षणापर्यंत गोष्ट किती काळ चालू होती हे सांगायचं असेल, तर 'हॅव'चं 'हॅड' होतं: 'आय हॅड बीन वेटिंग फॉर हाफ ॲन आवर व्हेन द बस केम.' बस येईपर्यंत अर्धा तास उलटला होता, हे त्या 'हॅड'मुळे कळतं.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांनी आणखी एक प्रश्न नीट ऐकावा. विमानतळावरचा अधिकारी 'हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?' असं विचारतो, तेव्हा त्याला एकूण मुक्काम किती ते हवं असतं. कधी आलात हे विचारायचं असतं तर तो 'हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?' म्हणाला असता. सहा आठवडे राहणार असाल तर उत्तर 'फॉर सिक्स वीक्स' एवढंच द्यायचं.