एजंटने विमा कंपनी बदलली? ‘पोर्ट’ की ‘नवीन’ ते आधी बघा

पॉलिसी रिन्यू करताना एजंट म्हणतो, “दुसऱ्या कंपनीत हप्ता कमी बसतो,” आणि आपण सही करून मोकळे. आरोग्य विम्यात इथेच घोटाळा होतो. पॉलिसी ‘पोर्ट’ झाली, म्हणजे जुन्या पॉलिसीची वर्षं धरून दुसऱ्या कंपनीत गेली, तर ठीक. ‘नवीन’ म्हणून निघाली, तर जुन्या आजारांचा 36 महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही) परत पहिल्यापासून.

1. मुदत संपायच्या किमान 45 दिवस आधी पोर्टिंगचाच अर्ज द्या.
2. बीपी, शुगर, झालेली ऑपरेशनं फॉर्मवर स्वतः लिहा. एजंट कधीकधी ‘विसरतो’.
3. नव्या पॉलिसीवर पहिल्या पॉलिसीची तारीख आहे का तपासा. विम्याची रक्कम वाढवली असेल, तर तेवढ्या वाढीला प्रतीक्षा काळ नव्याने लागतो.

नवी कंपनी नकारही देऊ शकते. तिचा लेखी होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नका.