पतसंस्थेच्या सरव्यवस्थापकांनी चार्ज कसा द्यावा

तीस-पस्तीस वर्षं एकाच पतसंस्थेत काढलेल्या सरव्यवस्थापकांचा सत्कार दोन तासांत उरकतो. चार्ज, म्हणजे सगळा कारभार मोजून पुढच्या माणसाच्या हाती सोपवणं, नीट द्यायचा तर सहा महिने लागतात. सांगलीच्या पेठेत ठेवीदार संस्थेच्या पाटीइतकाच साहेबांकडे बघून पैसे ठेवतो, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला नागरी बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं. त्यामुळे साहेब जाताना काय सोपवून गेले, याला इथं फार महत्त्व आहे.

आधी तारीख बघा. निवृत्ती ३१ मार्चला येत असेल तर चार्ज फेब्रुवारीअखेर देऊन टाका आणि मार्चभर नव्या माणसाशेजारी बसा. वर्षअखेरीची वसुली, व्याजआकारणी आणि चार्ज एकाच आठवड्यात आले की मोजदाद कागदावरच होते. संचालक मंडळाचा ठराव सहा महिने आधी हवा. त्यात चार्ज घेणाऱ्याचं नाव, चार्जची तारीख आणि मोजदादीला कोण हजर राहणार हे तिन्ही लिहून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ सोनेतारणाला द्या. पाकिटांची संख्या रजिस्टरशी जुळली म्हणजे काम झालं, असं समजू नका. मूल्यांकन ज्या सराफाने केलं, तपासणीला तो नको, दुसरा बोलवा. सुरुवातीला वजनकाटा प्रमाणित वजनाने तपासून घ्या. मग प्रत्येक बंद पाकिटाचं वजन करून पाकिटावर लिहिलेल्या वजनाशी ताडा. कागदी पाकीट पावसाळ्यात ओल धरतं, त्यामुळे किंचित वाढ चालते. घट आली तर पाकीट फोडायचंच. याशिवाय कुठल्याही क्रमाने दहा टक्के पाकिटं उघडा, आणि मोठ्या रकमेची व दोनदा-तीनदा नूतनीकरण झालेली सगळी उघडा. गोंधळ असतो तो इथंच, कारण नूतनीकरणाच्या वेळी पाकीट न उघडता जुनंच मूल्यांकन पुढं ओढलं जातं. मंगळसूत्रातले मणी, खडे आणि पोकळ दागिन्यातली लाख वजा केली आहे का, ढोबळ आणि निव्वळ वजन वेगळं लिहिलंय का, हे बघा. पाकीट पुन्हा बंद करताना दोघांच्या सह्या आणि नवी तारीख घाला. एका पाकिटाला सात-आठ मिनिटं लागतात, तेव्हा दिवसाला साठच्या वर घेऊ नका. घाई झाली की पाकिटांची अदलाबदल होते.

मालतारणाची तपासणी जागेवर जाऊन करा. बेदाण्याच्या कर्जाला शीतगृहाची पावती जोडलेली असते. तिच्यावरचा लॉट नंबर आणि चेंबरमधल्या बॉक्सवरचा नंबर स्वतः वाचा, पंधरा किलोचे बॉक्स किती आहेत ते मोजा आणि पावतीवरचा संस्थेचा बोजा शीतगृहाच्या वहीतही चढलाय का ते विचारा. एकाच लॉटवर दोन ठिकाणी उचल झालेली असेल तर ती याच प्रश्नात उघडी पडते. जुना माल काळपट पडला की प्रत उतरते. तेव्हा भाव आजचा धरा, कर्ज दिलं त्या दिवशीचा नको. हळदीच्या पोत्यांचंही तसंच. बाहेरच्या थरावरून अंदाज घेऊ नका, मधली थप्पी काढायला लावा.

आता साहेबांच्या डोक्यात असलेल्या गोष्टी. मोठ्या पन्नास कर्जदारांवर प्रत्येकी अर्धं पान लिहा: हप्ता खरोखर कशातून येतो, ऊसबिलातून, बेदाण्याच्या सौद्यातून की मुलाच्या पगारातून, घरात शब्द कुणाचा चालतो, जामीनदार अजून ऐपतदार आहे का. सहकार कायद्याच्या कलम १०१ चे, म्हणजे थकबाकी वसूल करायला मिळणारे, वसुली दाखले कुठल्या टप्प्यावर आहेत आणि पुढची तारीख कधी आहे, हेही मांडा. दिलेले तोंडी शब्दही न लाजता लिहून काढा. ‘तुमच्या ठेवीला पाव टक्का जादा देतो’ असं कुणाला सांगितलं असेल आणि नव्या साहेबांनी ते नाकारलं, तर ठेव त्याच दिवशी उठते. असे शब्द मंडळापुढं ठेवून पाळायचे की बंद करायचे ते ठरावाने ठरवा.

अनामत खात्यात, म्हणजे हिशेब न लागलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवतात त्या खात्यात, आणि शाखांच्या ताळमेळात पडून राहिलेल्या जुन्या रकमा हा चार्जमधला सगळ्यात अवघड भाग. प्रत्येक नोंदीपुढं तारीख, कारण आणि जबाबदार व्यक्ती लिहा. ‘किरकोळ’ हा शेरा चालवून घेऊ नका.

चाव्या आणि अधिकार एकाच दिवशी बदला. तिजोरीच्या दोन्ही चाव्या, बाहेर ठेवलेला डुप्लिकेट संच, तिजोरीचा क्रमांक, अलार्मवर लावलेले मोबाइल नंबर, कॅमेऱ्याचा पासवर्ड, संगणक प्रणालीतलं मंजुरीचं लॉगिन, बँकांमधले सही नमुने. हमखास विसरतो तो ओटीपी. टीडीएस, जीएसटी, भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर जुन्या साहेबांचाच मोबाइल आणि डिजिटल सही असते. ते गावी गेले, फोन लागला नाही आणि विवरणपत्र अडकलं, की टीडीएसला दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क चालू होतं. मुदती ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे अशा आहेत. त्याच्या महिनाभर आधी नवं लॉगिन चालतंय याची खात्री करा.

बातमी कुणाला आधी सांगायची याचाही क्रम ठरवा. पहिल्यांदा कर्मचारी आणि दुकानोदुकानी रोजची बचत गोळा करणारे पिग्मी एजंट, कारण गणपती पेठेतल्या दुकानात प्रश्न त्यांनाच विचारला जातो. त्यांना उत्तर माहीत नसेल तर संध्याकाळपर्यंत ‘साहेबांना काढलं’ अशी आवई उठते. मग मोठ्या ठेवीदारांकडे जुने-नवे साहेब जोडीने जाऊन या, आणि शेवटी अध्यक्षांच्या सहीचं पत्रक शाखाशाखांत लावा. पुढच्या दोन महिन्यांत मुदत संपणाऱ्या ठेवींएवढी रक्कम हाताशी मोकळी ठेवा. मागितल्या दिवशी पैसे मिळाले की लोक बहुधा परत ठेवतात.

स्वतःच्या हक्काच्या पैशांकडेही लक्ष द्या. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ७८,००० रुपये आणि ३१ वर्षं धरली तर १३,९५,००० होतात. २० लाखांपर्यंत ती करमुक्त असते, शिल्लक रजेचा पगार २५ लाखांपर्यंत. वयाच्या ५८ नंतर पेन्शन फंडातला भरणा थांबायला हवा. बऱ्याच संस्थांत तो चुकून चालू राहतो आणि मग पेन्शन मागण्याचा १० डी फॉर्म अडकतो. म्हणून ५८ पूर्ण झाल्यानंतरची चलनं आधीच तपासा. स्वतःचं कर्ज आणि इतरांसाठी दिलेली जामीनकी मिटवून ना-देय दाखला घ्या.

निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून राहायचं असेल तर तीन महिने, ठरलेले वार, सहीचा अधिकार नाही आणि जुनी केबिनही नाही. जुन्या खुर्चीत तेच साहेब दिसले तर कर्जदार नव्यांकडे वळतच नाहीत.

चार्जपत्रकाच्या चार प्रती काढा: संस्था, अध्यक्ष, घेणारा, देणारा. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या हव्यात. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली लेखापरीक्षण किंवा चौकशी सुरू होण्याआधीच्या पाच वर्षांतल्या व्यवहारांसाठी माजी अधिकाऱ्यावरही जबाबदारी बसू शकते, त्यामुळे आपली प्रत जपून ठेवा. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून आलेलं कृष्णेचं पाणी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहराने पाहिलंय. संस्थेची प्रत तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नका. वरच्या मजल्यावर ठेवा, आणि स्कॅन केलेली एक प्रत दुसऱ्या गावच्या शाखेत.