पोळ्याच्या करीच्या मटणाची हाडं फेकू नका, दोन दिवस जेवण निघते

पोळ्याच्या करीले, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे चार-पाच घरं मिळून बोकड पाडतात आणि वाटे घालतात, आणि आमच्या वाट्यात दरवर्षी हाडंच जास्त निघतात. काऊन ते माहीत आहे पण इथं नको. आई म्हणायची "रडू नको, चव हाडातच असते", तेव्हा समजूत काढते असं वाटायचं.

एक लक्षात ठेवा, टाइम कमी असतो. अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी कर, मग एक दिवस सोडून हरतालिका आणि लगेच गणपती, त्याच्या आत घरातलं सगळं मटण संपलं पाहिजे. म्हणून फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवायचा सल्ला आपल्या काही कामाचा नाही.

ताटात चघळलेली हाडं घेऊ नका, गंजात, म्हणजे पातेल्यात, उरलेलीच घ्या. मी तर वाटा घरी आला की चार नळ्या आणि सांध्याची हाडं आधीच काढून ठेवतो, लपवून, कारण नळीवरून लेकरं भांडतात. रश्श्यातली हाडं असली तर गरम पाण्यानं मसाला धुऊन घ्या.

अर्धा किलो हाडांना दोन लिटर थंड पाणी, चुलीत भाजलेला एक कांदा सालासकट, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, अद्रक, चार-पाच मिरे आणि हळद, बस. कच्ची हाडं असली तर वर राखाडी फेस येते तो झाऱ्यानं काढत राहा. पाणी खदखदा उकळू द्यायचं नाही, चुलीतली लाकडं मागं ओढून मधूनमधून एखादा बुडबुडा येईल इतकाच इस्तो ठेवायचा, तीन तास. जोरात उकळलं की चरबी पाण्यात मिसळते आणि सुरवा, म्हणजे हाडांचं हे पाणी, गढूळ होते. घाई असली तर कुकर, पहिली शिट्टी झाल्यावर बारीक गॅसवर पाऊण तास. सांध्याच्या चिकट भागात कोलॅजन असते, त्याचं हळूहळू जिलेटिन होते, म्हणून चांगला सुरवा थंड झाला की जेलीसारखा थरथरतो. थरथरला नाही तर पाणी जास्त झालं समजा, आटवा.

मीठ मात्र अगदी शेवटी. पाणी आटते, मीठ आटत नाही. मागच्या वर्षी मी आधीच टाकलं, रश्श्यातल्या हाडांत पहिलंच मुरलेलं होतं, अख्खा गंज खारट झाला, मग त्यात आलू टाकले तर आलूही खारट.

गाळून घ्या, दोन तासाच्या आत थंड करून फ्रीजमध्ये ठेवा, आणि लाइट जास्त वेळ गेली तर विश्वास ठेवू नका. वर चरबीचा पांढरा थर जमतो तो फोडणीले ठेवायचा.

आता खायचं. माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे ज्वारीच्या कण्या. एक वाटी कण्या अर्धा तास भिजवा, चार-पाच वाट्या सुरवा उकळला की हळूहळू सोडा आणि हात थांबवू नका, नाहीतर गोळे होतात, खाली लागते ते वेगळंच. अर्ध्या तासात कण्या फुलतात, मग त्याच चरबीत लसूण लालसर करायचा, भिवापुरी मिरचीचे तुकडे टाकायचे आणि ती फोडणी चर्रकन वरून ओतायची, नंतर सांबार, म्हणजे कोथिंबीर. निंबू पिळा. चमचा उभा राहील इतकं घट्ट करू नका, थंड झाल्यावर अजून घट्ट होते.

दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ पाण्याऐवजी सुरव्यात शिजवा, किंवा मुगाच्या वड्या तेलात भाजून त्यात सोडा, वड्या सगळा रस ओढून घेतात, भाकरीसोबत पुरे. सावजी रस्सा करायचा असला तर खसखस, दगडफूल, मिऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परता आणि पाणी म्हणून हाच सुरवा ओता.

नळ्या काढून घ्या आणि गरम असतानाच ताटाच्या काठावर ठोका, मगज सरकन निघतो, थंड झाल्यावर काडीनं कोरत बसा. हाडं कुत्र्यापुढे टाकू नका बाप्पा, शिजलेल्या हाडाच्या कपच्या होतात आणि त्याच्या घशात अडकतात, वावराच्या धुऱ्यावर खोल पुरा.

हरतालिकेच्या आदल्या रात्री उरलासुरला सुरवा भातात संपवायचा, सकाळी बायको उठायच्या आत गंज राखेनं घासून उन्हात पालथा.