फर्नेसचं वय काढताना या चुका टाळा

न्यू जर्सीत किंवा शिकागोत जुनं घर बघायला गेलेली मंडळी बेसमेंटमध्ये उतरतात, घर गरम करणाऱ्या गॅस फर्नेसच्या पत्र्यावर टॉर्च मारतात आणि वर येऊन सांगतात, "दहाएक वर्षं झाली असतील." अंदाजपंचे दाहोदरसे! आणि लेबल वाचलंच, तर तेही बऱ्याचदा भलतंच.

फर्नेसच्या डोक्यावर एसीची कॉइल, म्हणजे हवा थंड करणारी नळ्यांची जाळी, बसलेली असते. तिचं लेबल बाहेर, अगदी डोळ्यांसमोर. फर्नेसचं लेबल मात्र झाकणाच्या आत, बर्नरच्या किंवा ब्लोअरच्या (हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) कप्प्यात. एसी बदलताना कॉइल बदलतात, फर्नेस तशीच ठेवतात. मग कॉइल २०१६ची, खालची फर्नेस १९९८ची आणि घर घेणारा निर्धास्त. स्विच बंद करा, झाकण काढा, आतलं लेबल वाचा.

तिथेही 'झेड २१.४७'च्या पुढे एक वर्ष छापलेलं असतं. ते गॅस फर्नेसच्या मानकाचं वर्ष, त्या फर्नेसचं नव्हे. तारीख सिरियल नंबरात असते आणि प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. कॅरिअर, ब्रायंटमध्ये पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. गुडमनमध्ये आधी वर्ष, मग महिना. म्हणजे ०७११ हे कॅरिअरवर फेब्रुवारी २०११, तर गुडमनवर नोव्हेंबर २००७. लेनॉक्समध्ये वर्ष तिसऱ्या-चौथ्या आकड्यात आणि पाचवं अक्षर महिन्याचं. कंपनीचं नाव न बघता आकडे वाचणं म्हणजे निव्वळ जुगार.

पंधरा ते वीस वर्षं हे साधारण आयुष्य. पण नवा थर्मोस्टॅट, चकचकीत पत्रा यावरून प्रकृती कळत नाही. ज्योत बघा, तीही घाई न करता. बर्नर पेटला, निळी ज्योत दिसली, की लोक लगेच "मस्त आहे" म्हणून निघतात. ब्लोअर त्यानंतर अर्ध्या-एक मिनिटाने सुरू होतो आणि खरी परीक्षा तेव्हा असते. त्या क्षणी ज्योत हलली, कलली किंवा बाहेर आली, तर हीट एक्स्चेंजरला, म्हणजे जळलेला वायू घरातल्या हवेपासून वेगळा ठेवणाऱ्या पत्र्याला, तडा असू शकतो. मग कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात यायचा धोका. फर्नेस बंद करा आणि तंत्रज्ञ बोलवा. "एवढा हिवाळा काढू" नको.

फर्नेस पेटून चार-पाच सेकंदांत विझली, की ती म्हातारी झाली असं नाही. बहुधा फ्लेम सेन्सर, म्हणजे ज्योत ओळखणारी दांडी, काजळलेला असतो. वीज आणि गॅस बंद करून एक स्क्रू काढा, दांडी बारीक स्टील वुलने पुसा. सँडपेपर नको, चरे पडतात. त्याआधी झाकणाच्या झरोक्यातून आतल्या कंट्रोल बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते टिपून घ्या, तो बिघाडाचा कोड असतो. अनेक बोर्ड वीज जाताच तो कोड विसरतात.

झाकण काढताच फर्नेस बंद करणाऱ्या दाराच्या स्विचला चिकटपट्टी दिसली, तर आधीच्या मालकाच्या बाकीच्या दुरुस्त्याही संशयाने तपासा.

पांढऱ्या प्लास्टिक पाइपच्या फर्नेसखाली पाणी दिसलं, तर आधी कंडेन्सेटचा (धुरातून सुटणाऱ्या पाण्याचा) ट्रॅप साफ करा.

लेबलवर तापमानवाढीची मर्यादा असते, समजा ३५ ते ६५ फॅरनहाइट. पंधरा मिनिटं चालवून घरात जाणाऱ्या आणि फर्नेसकडे परतणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक मोजा. जास्त आला, तर नवी फर्नेस शोधण्याआधी फिल्टर बाहेर काढून बघा.