बोन्सायचं खोड जाड करायचं तर आधी कात्री बाजूला ठेवा

वडाचं पेन्सिलीएवढं रोप उथळ ट्रेमध्ये बसवून दर आठवड्याला त्याचे शेंडे खुडत राहिलात, तर पाच वर्षांनीही ते जवळपास पेन्सिलीएवढंच राहील. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढत्या पेशींचा एक पातळ थर असतो. तो आतल्या अंगाला सतत नवं लाकूड चढवतो आणि त्याला लागणारी साखर पानांकडून येते. पानं कापली की साखर थांबते आणि खोडही थांबतं. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी जाडी, मग फांद्या, ट्रे सगळ्यात शेवटी.

बडोद्यात सुरुवात वडापासून किंवा नांद्रुकापासून करावी. शहराच्या नावातच वड आहे आणि इथली हवा या झाडांना मानवते. अगाशीच्या कठड्यावर, जुन्या भिंतींच्या फटींत वडाची रोपं आपोआप उगवतात. दोन-तीन चांगल्या पावसांनंतर भिंत ओली असताना ती मुळांसकट सुटतात. चिंचेचंही बोन्साय देखणं होतं, पण तिचं खोड भरायला वडापेक्षा बरीच जास्त वर्षं लागतात.

अंगण असेल तर रोप सरळ जमिनीत लावा. त्याच्याइतकी जाडी कुंडीत येत नाही. फक्त घराच्या भिंतीपासून, पाण्याच्या टाकीपासून आणि पाइपांपासून किमान ३ मीटर लांब, कारण वडाची मुळं बांधकामात शिरतात. इथली काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे २५ ते ३० सेंमी उंचीचा गादीवाफा करावा. लावताना सोटमूळ छाटा, रोपाखाली २० सेंमीची फरशी आडवी ठेवा आणि बाजूची मुळं तिच्यावर चहूबाजूंनी पसरा. खाली वाट नसली की मुळं आडवी धावतात आणि बुंध्याचा तळ रुंदावतो. वर्षातून एकदा, जूनअखेरीस, फरशीच्या कडेने फावड्याने मुळं कापून घ्या, नाहीतर काढायच्या वेळी सगळी बारीक मुळं दूर कुठेतरी असतील आणि झाडाजवळ काहीच उरणार नाही.

अगाशीवरच वाढवायचं असेल तर भाजीचा जाळीदार प्लास्टिक क्रेट घ्या. कडेला आलेलं मूळ हवा लागून तिथेच थांबतं आणि आत नवी मुळं फुटतात, गोल गुंडाळी होत नाही. मिश्रण: ३ ते ६ मिमी चाळलेला विटांचा चुरा ४ भाग, जाड वाळू ३ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत ३ भाग. विटांची धूळ चाळून टाकून द्या. ती राहिली की निचरा तुंबतो. क्रेट विटांवर उचलून ठेवा, मे महिन्यात स्लॅब इतका तापतो की मुळं भाजतात. हिरवी जाळी क्रेटच्या भोवती लावा, पानांवर नको. पानांना पूर्ण ऊन हवं. काठीला रोप घट्ट बांधू नका, वाऱ्यात डुलणारं खोड जास्त जाड होतं.

मार्च ते सप्टेंबर दर महिन्याला क्रेटमागे दोन मोठे चमचे निंबोळी पेंड आणि दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य) खत, लिटर पाण्याला २ ग्रॅम, तेही माती ओली असताना. डिसेंबर-जानेवारीत खत बंद.

आता खरी गोष्ट, सॅक्रिफाइस फांदीची. शेवटी कापायचीच म्हणून मोकाट वाढवलेली ही फांदी. ती आपल्या खालचं खोड जाड करते, वरचं नाही. म्हणून ती खाली हवी, मातीपासून ५ ते ८ सेंमीवर आणि शक्यतो मागच्या बाजूला, म्हणजे जखम समोरून दिसत नाही. तिला दीड-दोन मीटर जाऊ द्या. शेंडा खुडायचा नाही. ती वर ठेवलीत तर खोड खालून वरपर्यंत सारखंच होतं, खांबासारखं, आणि टेपर, म्हणजे खोडाचा खालून वर निमुळतेपणा, जातो. एकाच ठिकाणाहून तीन-चार फांद्या वाढू दिल्यात तर तिथे गाठ येते. एक ठेवून बाकीच्या लगेच काढा. फांदीचा बुंधा खोडाच्या निम्म्याएवढा झाला की तिला निरोप द्या, त्यापुढे जखम भरायला फार वेळ जातो. अगाशीवर हे लांब शेंडे उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मांज्यात अडकून फाटतात. १४ जानेवारीच्या आधी क्रेट कोपऱ्यात सरकवून शेंडे कठड्याला सैल बांधून ठेवा.

मातीपासून ३ सेंमीवर खूण करून दर दोन महिन्यांनी तिथेच दोरा गुंडाळून घेर मोजा आणि तारखेसह लिहा. घेराला ३.१४ ने भागलं की जाडी कळते. ३० सेंमी उंचीच्या झाडाला साधारण ५ सेंमी जाडी शोभते, म्हणजे घेर १५ ते १६ सेंमी.

तेवढा घेर भरला की ट्रंक चॉप, म्हणजे खोडाची मोठी छाटणी. वेळ फेब्रुवारीअखेर ते मार्च, किंवा पाऊस नुकताच लागल्यावर. झाड जोमात नसेल तर थांबा. अंतिम उंचीच्या एक तृतीयांशावर, इथे १० सेंमीवर, खोड कापायचं. खाली एखादी हिरवी फांदी असेल तर ती राखा. पहिला काप आडवा घ्या, हव्या त्या डोळ्याच्या २-३ सेंमी वर, कारण कापाखालचं लाकूड थोडं वाळतंच. चीक भराभर गळेल, तो अंगावर लागू देऊ नका. ओल्या फडक्याने टिपा, चीक थांबल्यावर बुरशीनाशकाची दाट पेस्ट लावा. नवा शेंडा पेन्सिलीएवढा घट्ट झाला की मगच उरलेला खुंट धारदार करवतीने तिरका कापा, उतार शेंड्याच्या मागे जाईल असा.

चॉपनंतर झाडं मरतात ती बहुतेक पाण्याने. पानं नसताना झाड फारसं पाणी ओढत नाही, आणि रोजच्या सवयीने पाणी घातलं की मुळं कुजतात. बोट २ सेंमी खुपसून कोरडं लागलं तरच पाणी द्या.

पुढे तोच खेळ पुन्हा: नवा शेंडा मोकाट सोडा, तो खालच्या खोडाच्या दोन तृतीयांश, म्हणजे साधारण ३ सेंमी जाड झाला की त्यालाही कापा. या काळात तार लावलीच तर दर पंधरवड्याला पाहा. पावसाळ्यात वडाच्या सालीत ती काही आठवड्यांतच रुतते आणि तो वळ वर्षानुवर्षं दिसतो. तार उलगडू नका, कटरने तुकडे करून काढा.