नस दबली, पायात कळ उतरली? गोळ्यांचा मारा कमी करून काय काय करता येतं

कमरेतून कुल्ल्यात, तिथून मांडीच्या मागून पोटरीत आणि पार अंगठ्यापर्यंत करंट उतरतो, मुंग्या येतात, रात्री पाय कुठं ठेवावा ते कळत नाही, असं ज्यांचं चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहायलोय. आमच्याकडं कुणी म्हणतं गॅप आलाय, कुणी म्हणतं गादी सरकली, कुणी नस दबली म्हणतं, आणि मेडिकलवाला तेवढं ऐकूनच पट्टी कापून देतो. मी लातूर भागात फिजिओथेरपीचं काम करतो, दिवसभर हेच पेशंट. गोळ्या वाईटच असं काही नाही, सुरुवातीच्या दिवसात कधी कधी लागतातच, पण महिनोन्‌महिने दोन टाइम पेनकिलर आणि रात्री नसेची गोळी एवढ्यावरच लोक दिवस काढायलेत, ते बऱ्याच जणांना टाळता येतं.

आधी कुणी घरी बसायचं नाही ते सांगतो. लघवी अडकली किंवा झालेली कळेना, संडासच्या जागेला आणि दोन मांड्यांच्या मधे, म्हणजे सायकलची सीट टेकते तिथं, बधिर लागायलंय, पाऊल वर उचलेना, दोन्ही पायातली ताकद चालली, यातलं एकही असलं तर सकाळची वाट बघू नका. संभाजीनगरचं सरकारी हॉस्पिटल घाटी, अंबाजोगाईचं स्वारातीम मेडिकल कॉलेज, लातूर-नांदेडचं मेडिकल कॉलेज, जे जवळ असेल तिथं थेट इमर्जन्सीला जा. ताप येतोय, वजन उतरतंय, रात्री घाम फुटतो, आधी कॅन्सर झालेला आहे, किंवा पडल्या-आपटल्यावर दुखणं सुरू झालंय, तर आधी तपासणी आणि मग व्यायाम. मणक्याचा टीबी आपल्याकडं अजून बराच दिसतो आणि तो महिनोन्‌महिने कंबरदुखी म्हणूनच शेकला जातो.

आता दुखतं पायात पण बिघाड वर असतो, हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. दोन मणक्यांच्या मधे गादी असते, तिचा आतला मऊ भाग मागं फुगतो नाहीतर बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळाला लागतो, तिथं सूज येते. बहुतेक वेळा खालच्या दोन गाद्या, रिपोर्टवर एल-४ एल-५ नाहीतर एल-५ एस-१ लिहिलेलं असतं. आणि लोक पोटरीला तेल चोळत बसतात, म्हणजे विहिरीवरचा स्टार्टर जळालाय आणि आपण शेतातले पाइप झटकायलोय.

चांगली गोष्ट अशी की बाहेर आलेली गादी शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेतं, आणि बऱ्याचदा मोठा तुकडा छोट्यापेक्षा जास्त आटतो. बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरंच उतरतं. त्यामुळं रिपोर्ट वाचून घाबरू नका. २०१५ साली एक मोठा आढावा आला होता, अजिबात काही न दुखणाऱ्या तीन हजारावर लोकांच्या स्कॅनचा, त्यात २० वर्षांच्या पोरांमधे पण ३७ टक्क्यांना गादीची झीज दिसली आणि ८० वर्षांच्या लोकांत ९६ टक्क्यांना. म्हणजे रिपोर्टमधे झीज लिहिली म्हणून तीच दुखायली असं नसतं.

मग करायचं काय? दुखणं वर सरकतंय का खाली, एवढं एक बघायला शिका. किती दुखतंय यापेक्षा कुठपर्यंत दुखतंय हे महत्त्वाचं. पायातली कळ वर वर येत कमरेत गोळा झाली तर तुमचं बरोबर चाललंय, मग भलेही कंबर थोडी जास्त धरली तरी चालतं. आणि कंबर हलकी वाटली पण कळ गुडघ्यावरून खाली पावलात गेली, तर जे करताय ते बंद.

हे पहिल्यांदा नीट पकडलं ते न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टनं, १९५६ साली वेलिंग्टनमधे. एक पेशंट चुकून डोक्याकडची बाजू वर उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला, म्हणजे कंबर मागं वाकलेली, त्या काळात हे घातक समजायचे, आणि उठला तर पायातलं दुखणं गेलेलं. तिथून पुढं ही सगळी पद्धत निघाली.

घरी असं करा. खाली सतरंजी टाका, पलंगावर नको, खोल गादीत कंबर बुडते. पालथे पडा, हात बाजूला, दोन-तीन मिनिटं नुसतं पडून राहा आणि श्वास सोडा. जमलं तर कोपरांवर या, परत दोन मिनिटं. तेही सहन झालं तर तळहात खांद्याखाली ठेवून हातानं छाती वर उचला, कंबर आणि कुल्ले एकदम ढिले, ओटीपोट खाली लोंबू द्या, आणि परत खाली. असं दहा वेळा. दिसायला भुजंगासनच आहे, फरक एवढाच की ताकद सगळी हाताची, पाठीची नाही. दर दोन-तीन तासाला एकदा, आणि प्रत्येक वेळी आधी आणि नंतर बघायचं, कळ कुठपर्यंत आहे.

केजकडचे एक ट्रॅक्टरवाले पेशंट होते, कळ पार घोट्यापर्यंत. त्यांना सतरंजीवर हेच करायला लावलं तर सहाव्या-सातव्या वेळेला तोंड वाकडं करून म्हणले, "डॉक्टर, बंद करा, कंबर लई धरली." म्हणलं पोटरीचं काय? त्यांनी हात मागं नेऊन पोटरी दाबून बघितली, मग मांडी दाबली, आणि म्हणले, "खाली तर काईच नाई, पण कंबर गेली ना माझी." घरी असते तर व्यायामानं वाढलं म्हणून सोडूनच दिलं असतं. बहुतेक जण इथंच सोडतात.

पण सगळ्यांना हे चालत नाही. साठीच्या पुढचे, ज्यांना चालताना शे-दोनशे पावलात पाय भरून येतात, जड होतात, ओट्यावर वाकून बसलं की दोन मिनिटात मोकळे होतात, बाजारात हातगाडी धरून चालले तर त्रास नाही, सायकलवर तर अजिबात नाही, त्यांची नसेची वाटच अरुंद झालेली असते, स्टेनोसिस म्हणतात त्याला. त्यांना मागं वाकवलं की वाढतं. त्यांनी उताणं पडून एक एक गुडघा छातीशी घ्यायचा, मग दोन्ही, हळू. आणि चालायचं ते थांबत थांबत, पाय भरायच्या जरा आधीच बसायचं, परत उठायचं. म्हणून शेजाऱ्याला ज्यानं आराम पडला ते जसंच्या तसं उचलू नका. मानेतून हातात जाणाऱ्या मुंग्यांना पण नियम तोच, वर सरकतंय का खाली, फक्त मानेचा व्यायाम व्हिडिओ बघून करू नका, एकदा कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या.

तीव्र कळ जरा बसली की नस सरकवायचा एक व्यायाम. खुर्चीवर बसा, गुडघा हळूहळू सरळ करत पाऊल वर घ्या आणि त्याच वेळी मान वर, पाय खाली नेताना मान खाली. दहा वेळा, ताण न देता. नस ओढून धरायची नाही, नुसती सरकवायची. नसेला दोरीसारखं ताणलं की ती दुसऱ्या दिवशी सूड घेते.

झोपून राहायचं नाही. एक-दोन दिवस ठीक, त्यापुढं पडून राहिलं की कंबर आणखी आखडते. चालणं सगळ्यात स्वस्त औषध आहे, पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यानं दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, मग वाढवत न्या. २०२४ ला ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरचा अभ्यास आला, कंबरदुखीतून बरे झालेल्यांना चालायला लावलं तर दुखणं परत यायला मध्यम हिशोबानं (अर्ध्यांना त्याच्या आधी, अर्ध्यांना नंतर) २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. हा साध्या कंबरदुखीचा अभ्यास आहे, नसेचा नाही, पण चालल्यानं माझ्या नसेच्या पेशंटांचं सहसा भलंच झालंय.

खरी अडचण कामाची. कापूस वेचणीला ओटी बांधून दिवसभर वाकायचं, सोयाबीन काढायला उकिडवं बसायचं, वर युरियाची ४५ किलोची गोणी. वाकू नका असं सांगणारा माणूस कधी रानात गेलेला नसतो. त्यापेक्षा ओटी भरायच्या आधीच रिकामी करा, समोर लोंबणारं वजन कमरेवर लई पडतं. अर्ध्या तासानं उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागं वाका (स्टेनोसिसवाले सोडून). गोणी दोघांनी उचला, आणि सकाळी उठल्या उठल्या तर नकोच, रात्रभरात गादीत पाणी भरलेलं असतं, पहिला तासभर ती जास्त ताणलेली असते. एसटीत मागच्या चाकावरची आणि त्यामागची सीट सोडा, मधे बसा, कमरेमागं पंच्याची गुंडाळी ठेवा. गाडीवर खड्डा आला की बुड थोडं उचला.

पंगतीत, सप्त्यात मांडी घालून तास-तास बसणं या दिवसात बंद करा, खुर्ची मागा. खुर्चीची लाज वाटते लोकांना, विशेषतः चाळिशीतल्या गड्यांना, आणि मग घरी जाऊन रात्रभर कण्हत बसतात. संडासला उकिडवं बसवत नसलं तर भोक असलेली कमोड खुर्ची मेडिकलमधे मिळते. पोट साफ ठेवा, कुंथलं की पायात कळ मारते, शिंकल्यावर मारते तशीच. कमरेचा पट्टा काम करताना थोडा वेळ ठीक, दिवस-रात्र नको.

झोपताना कुशीवर झालात तर दोन गुडघ्यांच्या मधे उशी, उताणे झालात तर गुडघ्याखाली. बाज झोळीसारखी लोंबत असली तर ती सोडा. शेक कमरेला घ्या, १५-२० मिनिटं, आणि बधिर पायाला गरम पिशवी कधीच लावू नका, शुगरवाल्यांनी तर नाहीच, भाजलेलं कळत नाही आणि जखम महिने महिने भरत नाही. आणि पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घ्यायचा प्रकार आमच्याकडं अजून चालतो. उसण असली तर ती तशीही चार दिवसात जाते आणि नाव त्याचं होतं, पण नस दबलेल्या कमरेवर लाथ काय, कुणाचा पायसुद्धा पडू देऊ नका.

दोन्ही तळपायांची सारखीच आग होत असेल, मोजे घातल्यासारखं वाटत असेल तर कदाचित मणक्याचा दोषच नाही. शुगर आणि बी-१२ व्हिटॅमिन तपासा. शाकाहारी लोकांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ कमी निघतं, आणि ते भरून काढलं की पुष्कळ फरक पडतो.

गोळ्यांचं सांगायचं तर प्रीगॅबालिन ही नसेची गोळी सायटिकाला, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या याच कळेला, सर्रास देतात, पण २०१७ ला २०९ पेशंटांवर नीट चाचणी झाली त्यात ती खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली नाही, चक्कर मात्र जास्त आली. तरी चालू असेल तर आपल्या मनानं एकदम तोडू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून हळूहळू कमी करा. पेनकिलर तर एप्रिल-मेच्या उन्हात, पाणी कमी पिऊन, रानात काम करत रोज घेणं म्हणजे किडनीवर सरळ घाव. आणि बिनलेबलच्या पुड्या, ज्यानं दोन दिवसात पळायला लागतो माणूस, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. तोंड सुजतं, शुगर वाढते, आणि पुडी थांबली की दुखणं दुपटीनं येतं.

एक कागद घ्या, त्यावर दोन पायांचं साधं चित्र काढा, आणि दर रविवारी कळ जिथपर्यंत येते तिथं तारीख टाकून रेघ मारा. रेघ वर चढत असली तर धीर धरा. सहा आठवडे ती जागची हलली नाही किंवा खाली गेली तर मणक्याच्या डॉक्टरला दाखवा. ऑपरेशन म्हणलं की पाय जातो असं लोक म्हणतात, ते खरं नाही, ठरावीक पेशंटला ते लवकर आराम देतं, आणि मधे नसेजवळच्या इंजेक्शनचा पण पर्याय असतो. जाताना हा कागद आणि एमआरआयच्या फिल्म दोन्ही न्या, नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका.