पोस्टग्रेस उठत नाहीये? घाईघाईत या चुका टाळा

फेब्रुवारीत द्राक्षाचा सीझन भरात असतो. अशाच एका संध्याकाळी दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाऊसमधून आमच्याकडच्या मुलाचा फोन आला. नवा सर्व्हर, त्यावर उबुंटू २४.०४ हे लिनक्स. पोस्टग्रेस हा डेटाबेस टाकायचा आणि रात्रीच्या आत वजनाच्या पावत्या सुरू करून द्यायच्या, एवढंच काम होतं. "दादा, सर्व्हिस हिरवी दाखवतेय, पण आत जाताच येत नाही. सगळं काढून परत टाकू का?" मागे क्रेट उतरवल्याचे आवाज येत होते आणि मालक विचारत होते, "झालं का रे भाऊ?"

मी म्हटलं, काही काढू नकोस, काही टाकू नकोस. आधी मला लॉग वाचून दाखव.

बारा वर्षं मी नाशिक आणि आसपासच्या छोट्या धंद्यांचे सर्व्हर लावतोय. अंबड-सातपूरचे वर्कशॉप, पिंपळगावच्या आडती, कॉलेज रोडचे क्लिनिक. सर्व्हर न उठण्याचं कारण बहुतेक वेळा साधं निघतं. नुकसान होतं ते पुढच्या पंधरा मिनिटांत, माणूस घाबरून हाताला येईल ती कमांड मारतो तेव्हा. म्हणून हा लेख बिघाडांपेक्षा त्या पंधरा मिनिटांतल्या चुकांवर जास्त आहे.

हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवणं

डेबियन आणि उबुंटूवर 'सिस्टिमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेसक्यूएल' मारलं की हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' येतं. त्याच्या पुढे कंसात 'एक्झिटेड' असतं, ते कुणी वाचत नाही. ही सर्व्हिस म्हणजे नुसतं छत्र आहे. खरा सर्व्हर तिच्या खाली वेगळ्या नावानं चालतो, आवृत्ती आणि क्लस्टरचं (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसच्या संचाचं) नाव मिळून, म्हणजे १६-मेन वगैरे. छत्र उघडं आहे, खाली कुणीच उभं नाही, अशी अवस्था अगदी सहज होते.

खरी स्थिती 'पीजी_एलएसक्लस्टर्स' ही कमांड सांगते. आवृत्ती, क्लस्टर, पोर्ट, चालू की बंद, डेटा कुठे आणि लॉग कुठे, सगळं एका ओळीत. आमच्या मुलानं ती मारली तेव्हा नुसत्या रकान्यांच्या शीर्षकांची ओळ आली, खाली काही नाही. म्हणजे सर्व्हर बंद पडलेला नव्हता. क्लस्टर तयारच झालेलं नव्हतं, मग सुरू काय होणार?

रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर हाच घोळ वेगळ्या दारानं येतो. तिथे पॅकेज टाकल्यावर डेटा डिरेक्टरी आपोआप तयार होत नाही. 'पोस्टग्रेसक्यूएल-सेटअप'ला 'इनिटडीबी' सांगून ती आधी करून घ्यावी लागते. ते न करता सर्व्हिस सुरू केली की डिरेक्टरी गायब किंवा रिकामी असल्याची तक्रार येते. उबुंटूची सवय असलेली माणसं इथे हमखास अडकतात.

शेवटची ओळ वाचणं

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' हा निरोप दिसला की लोक फाइल शोधायला लागतात. तो खरं तर आत जाऊ पाहणाऱ्या प्रोग्रामचा निरोप असतो: ज्या सॉकेटवर मी दार ठोठावतोय ते सॉकेटच नाही. सर्व्हर बंद असेल, दुसऱ्या पोर्टवर असेल, किंवा सॉकेट दुसरीकडे असेल. डेबियन-उबुंटूवर ते व्हार-रन खालच्या पोस्टग्रेसक्यूएल डिरेक्टरीत असतं. स्वतः सोर्सवरून बांधलेल्या पोस्टग्रेसमध्ये ते टेंप डिरेक्टरीत असतं. दोन्ही एकाच मशीनवर असले की एकाचा क्लायंट दुसऱ्याच्या दाराशी उभा राहतो.

सर्व्हरचं स्वतःचं म्हणणं मात्र लॉगमध्ये असतं, आणि तिथेही खालून नाही, वरून वाचायचं. पहिली तक्रार खरी, बाकीच्या तिच्या मागून आलेल्या.

आमच्या बाबतीत तर पोस्टग्रेसचा लॉगच नव्हता, कारण क्लस्टर नव्हतं. अशा वेळी पॅकेज टाकताना स्क्रीनवर सरकून गेलेला मजकूर कामी येतो. पॅकेज टाकणारं एपीटी तो 'टर्म लॉग' नावाच्या फाइलमध्ये जपून ठेवतं. मुलानं ती उघडली आणि वाचून दाखवलं: वातावरणातून मागितलेलं लोकेल अवैध आहे. खाली यादी होती, एलसी_टाइम, एलसी_न्यूमरिक, सगळ्यांसमोर 'एमआर_आयएन'. म्हणजे मराठी, भारत. लोकेल म्हणजे भाषा, तारीख, आकडे कसे लिहायचे याची सेटिंग.

लोकेलचा प्रश्न 'सी' लावून मिटवणं

इथे जरा थांबतो, कारण मराठी माणसाला हा बिघाड जास्त भेटतो आणि यावरचा नेहमीचा उपाय आपल्यालाच जास्त बाधतो.

मुलाच्या लॅपटॉपवर तारीख आणि आकड्यांची पद्धत मराठी ठेवलेली होती. चांगलंच आहे, ठेवावी. एसएसएचनं, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून, सर्व्हरवर शिरताना ही सेटिंग्ज सोबत जातात. सर्व्हरवर मराठी लोकेल तयार केलेलं नव्हतं, त्यामुळे क्लस्टर बांधणारी स्क्रिप्ट अडली. पॅकेजची स्थापना पूर्ण झाल्यासारखी दिसली आणि डेटाबेस मात्र जन्मलाच नाही. मॅकवरून शिरणाऱ्यांनाही असाच झटका बसतो, कारण तिथलं टर्मिनल एलसी_सीटाइपमध्ये नुसतं 'यूटीएफ-८' पाठवतं आणि लिनक्सला या नावाचं लोकेल माहीत नसतं.

आता उपाय. शोधलं की सगळीकडे सापडतं: एलसी_ऑलला 'सी' द्या आणि पुढे चला. क्लस्टर लगेच बनतं, सर्व्हर उठतो, सगळे खूश. मीही काही वर्षांपूर्वी एका कांदा व्यापाऱ्याच्या आडतीत हेच केलं होतं. पण लोकेल नुसतं 'सी' असलं की पोस्टग्रेस डेटाबेसचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, 'एसक्यूएल_आस्की' धरतं. त्याला अक्षर कळत नाही, फक्त बाइट कळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना, मात्रा, वेलांटी, हलन्तसुद्धा.

पहिले काही दिवस काहीच कळत नाही. स्क्रीनवर मराठी व्यवस्थित दिसतं, कारण सर्व्हर बाइट जसेच्या तसे घेतो आणि परत देतो. तक्रार आली ती पावती करणाऱ्या पोरीकडून. शेतकऱ्याच्या नावाचा रकाना तीस अक्षरांचा होता आणि 'ज्ञानेश्वर' लिहून पुढे आडनाव टाकलं की 'व्हॅल्यू टू लाँग'. बोटांवर मोजलं तेव्हा उलगडलं. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा चिन्हं, तीस बाइट. नावानंच रकाना भरला, आडनावाला जागाच उरली नाही. ती पोर बिचारी तीन दिवस आडनावं गाळून पावत्या करत होती, आणि एकाच नावाचे चार शेतकरी असले की कुणाची पट्टी कुणाची हे तिलाच लक्षात ठेवावं लागत होतं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मग सगळा डेटा डंप करून नव्या यूटीएफ-८ डेटाबेसमध्ये भरला. नवा डेटाबेस 'टेंप्लेट०'वरून करावा लागतो. 'टेंप्लेट१'चं एन्कोडिंग जुनंच असल्यामुळे त्यावरून वेगळ्या एन्कोडिंगचा डेटाबेस बनत नाही.

बरोबर उपाय इतकाच लहान आहे: 'सी' ऐवजी 'सी.यूटीएफ-८' द्या. डेबियन-उबुंटूवर ते आधीपासून असतं. मराठीच हवं तर सर्व्हरवर मराठी लोकेल आधी तयार करून घ्या. मग 'पीजी_क्रिएटक्लस्टर'ला आवृत्ती १६, नाव मेन आणि स्टार्टचा पर्याय द्या. पॅकहाऊसमध्ये या सगळ्याला चार मिनिटं लागली.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनीही इकडे लक्ष द्यावं. ५.७ पर्यंत तिथलं मूळ कॅरॅक्टर सेट लॅटिन-१ होतं. ८.० पासून ते यूटीएफ-८-एमबी-४ झालं. जुन्या सर्व्हरची सेटिंग फाइल नव्यावर तशीच डकवली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठवलेलं नाव परत मिळत नाही.

७७७

'परमिशन डिनाइड' दिसलं की 'सीएचमॉड आर ७७७', म्हणजे सगळ्यांना सगळं करायची परवानगी. ही कमांड मी नाशिकमध्ये जितक्या सर्व्हरवर निस्तरली आहे तितकी दुसरी कुठलीच नाही. पोस्टग्रेस आपली डेटा डिरेक्टरी ७०० (फक्त मालकाला) किंवा ७५० (गटाला फक्त वाचायला) नसेल तर सुरू व्हायलाच नकार देतं. म्हणजे ज्यासाठी ७७७ केलं तेच घडत नाही, वर आतल्या हजारो फाइलींच्या परवानग्या बिघडतात. मायएसक्यूएल सर्वांना लिहिता येणारी सेटिंग फाइल चक्क वाचतच नाही, आणि मग 'मी बदल केला तरी लागू का होत नाही' यात दुपार जाते.

डेटा मोठ्या डिस्कवर हलवल्यानंतर असं झालं असेल, तर दोष बहुधा शेवटच्या डिरेक्टरीत नसून वाटेवरच्या कुठल्यातरी वरच्या डिरेक्टरीत असतो. 'नेमआय'ला 'एल' पर्याय देऊन पूर्ण मार्ग द्या, मुळापासून प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दिसते. तिथेही सगळं ठीक असेल तर रेड हॅटकडे एसईलिनक्स आणि उबुंटूवर मायएसक्यूएलसाठी ॲपआर्मर हे सुरक्षेचे पहारेकरी बघा. ते बंद करू नका, नवी जागा त्यांना कळवा. मारियाडीबी या मायएसक्यूएलच्या भावंडाचा डेटा होम डिरेक्टरीखाली ठेवला असेल तर परवानग्या कितीही नीट असल्या तरी सर्व्हर उठणार नाही, कारण त्याच्या सिस्टिमडी युनिटमध्ये (सर्व्हिस सुरू करायच्या फाइलमध्ये) होमचं दार मुद्दाम लावलेलं असतं.

आणि रूट म्हणून पोस्टग्रेस चालवायचा प्रयत्न करू नका. ते नाहीच म्हणणार, आणि योग्य तेच करतंय.

'लॉग' समजून काढून टाकणं

ही चूक सगळ्यात महाग. डिस्क भरली, सर्व्हर बसला, आणि कुणीतरी डेटा डिरेक्टरीत शिरून जागा मोकळी करायला लागलं. पोस्टग्रेसच्या आवृत्ती ९.६ पर्यंत तिथे 'पीजी_एक्सलॉग' नावाची डिरेक्टरी असायची. नावात लॉग आहे म्हणून लोक ती रिकामी करत आणि डेटाबेस हातचा जाई. म्हणूनच २०१७ साली आवृत्ती १० मध्ये तिचं नाव 'पीजी_वॉल' केलं. त्यात न्याहाळायचा लॉग नाही, न मिटवलेल्या व्यवहारांची वही आहे. आडतीत दिवस संपायच्या आत कच्ची वही जाळली तर पक्क्या खात्यात काय चढवणार? जागा करायचीच असेल तर जुने बॅकअप हलवा, सिस्टिमच्या लॉगचं जर्नल आटोक्यात आणा, डिस्क वाढवा. 'डीएफ' एकदा 'एच' देऊन आणि एकदा 'आय' देऊन बघा, कारण कधीकधी जागा असते आणि आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपलेल्या असतात.

ओपनबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मात्र 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलं तर आधी ओळीचा आरंभ वाचा. तिथे सेमाफोर (प्रक्रियांनी आपसात पाळी ठरवायच्या खुणा) तयार करता आले नाहीत असं लिहिलं असेल तर डिस्कचा काही संबंध नाही. कर्नलची सेमाफोरची मर्यादा वाढवायची आहे.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे 'पोस्टमास्टर.पीआयडी', म्हणजे चालू सर्व्हरची खूण असलेली फाइल, उडवणं. वीज गेल्यानंतर ती फाइल मागे राहते हे खरं, पण शिळी असेल तर सर्व्हर बहुतेक वेळा स्वतःच ओळखतो. आधी 'पीएस'नं बघा, जुनी प्रक्रिया जिवंत आहे का. जिवंत असताना फाइल काढली आणि दुसरा सर्व्हर त्याच डेटावर उभा राहिला, तर ते नुकसान भरून निघत नाही. प्रक्रिया जबरदस्तीनं मारणारं 'किल -९' तर नकोच.

डेटा गेला असं समजणं

उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलं की आवृत्ती १४ चं क्लस्टर राहतं आणि शेजारी १६ चं नवं, रिकामं उभं राहू शकतं. ५४३२ हा नेहमीचा पोर्ट जुन्यानं अडवलेला असल्यामुळे नव्याला ५४३३ पोर्ट मिळतो. नव्यात शिरलेला माणूस बघतो तर एकही टेबल नाही, आणि ऊर धडधडायला लागतं. डेटा जुन्यात सुखरूप आहे. 'पीजी_अपग्रेडक्लस्टर' तो नेतो, त्याआधी ते रिकामं नवं क्लस्टर काढावं लागतं. कुठलं रिकामं आहे हे दोनदा तपासा, शक्यतो दोघांनी मिळून. डेटा डिरेक्टरी उचलून नव्या आवृत्तीला दाखवली तर ती सुसंगत नसल्याचं सांगून थांबेल, तिथे जबरदस्ती करू नका.

'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड', म्हणजे तुमची ओळख पटली नाही, ही तर सेटअप फसल्याची खूणच नाही. उत्तर आलं म्हणजे सर्व्हर जिवंत आहे. सुडोनं पोस्टग्रेस युजर होऊन आत जा. दुसऱ्या मशीनवरून जायचं असेल तर 'लिसन_ॲड्रेसेस' बदलल्यावर रीस्टार्ट लागतो, कुणाला आत सोडायचं हे ठरवणारी 'पीजी_एचबीए' फाइल बदलल्यावर रीलोड पुरतो. त्या फाइलमध्ये वरून पहिली जुळणारी ओळ लागू होते, म्हणून तळाशी घातलेली तुमची ओळ वाचलीच जात नसेल.

मुलगा पॅकहाऊसमधून निघण्याआधी मी त्याला फोनवर दोन गोष्टी करायला लावल्या. पहिली, मशीन मालकांसमोर रीस्टार्ट कर. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की इकडे वीज जाणारच, तेव्हा डेटाची डिस्क माउंट व्हायच्या आत पोस्टग्रेस उठायला धावतंय का हे आजच कळू दे. दुसरी, 'नाशिक' या शब्दाची लांबी डेटाबेसला विचार. पंधरा आलं तर मला लगेच फोन कर.

पाच आलं. साडेआठला पहिली पावती निघाली.